बिनअंड्याचं वॉफल

बारामती
२७ जून १९९६

मनिषास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो शेवटी लिहीन, उरला तर.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. शेजारच्या रंगूबाई रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, "सूनबाई आल्या न्हाईत व्हय अजून?" मी सांगते, आईला बरं नाही म्हणून सुप्याला गेली आहे. तुझी आई ठणठणीत आहे हे रंगूबाईंना पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांचा भाचा सुप्याच्या बाजाराला जातो. तरी त्या रोज विचारतात, मी रोज तेच सांगते, आणि त्या समाधानाने आत जातात.

मारहाण, दारू, सवत अशा कारणांनी घर सोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. इंदापूरच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मुलींच्या आयांच्या कहाण्या माझ्या टेबलापर्यंत येत. पण रविवारच्या नाश्त्यावरून मुलीला काखेत मारून सुप्याची एस.टी. पकडणारी बाई मी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझीच सून निघाली.

घडलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. एकतीस मेला मी निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सामान घेऊन तुमच्याकडे राहायला आले. दोन रविवार तुझे पोहे खाल्ले. तिसऱ्या रविवारी म्हटलं, आजचा नाश्ता माझा. माझे वडील म्हस्कू पुण्यात कॉन्व्हेंटच्या शेळ्या राखायचे. त्या बदल्यात मी तिथे फुकट शिकले. सणाच्या सकाळी सिस्टर बेनेडिक्टा वॉफल करायच्या, आणि शाळा सोडताना त्यांनी मला त्यांचा साचा दिला. बिडाच्या दोन जाळीदार पाट्या, लांब दांडे, मधे पीठ ओतायचं, मिटायचं, आचेवर धरायचं, उलटायचं. चाळीस वर्षं तो साचा माझ्या पेटीत होता. नोकरीच्या धबडग्यात घरच्यांना एकदाही करून घातलं नाही. एवढी एक हौस करायची होती. त्याचा काय गुन्हा?

प्रतिक्षाच्या काविळीत तू खंडोबाला अकरा रविवार बोललेली होतीस, त्यातला तो नववा. तू मला विचारलंस, "आई, ह्यात अंडं न्हाय ना?" मी म्हटलं, नाही. सगळ्यांनी खाल्लं. आबांनी सात वॉफलं खाल्ली. तुझे सासरे चाळीस वर्षं रविवार पाळणारे आहेत, हे विसरू नकोस. शेवटचं तू खाल्लंस, आणि अर्ध्या तासाने नागेशला जाऊन सांगितलंस की आईंनी अंडी घातली होती, माझा नवस मोडला. नागेशने मला विचारलं. मी सांगितलं, मी कशाला घालीन? मग तो तुला खोटारडी म्हणाला. म्हणायला नको होतं, पण आई एक सांगते आणि बायको एक, तेव्हा त्याने काय करायचं होतं?

अंडं नव्हतं. हे एकदा लिहिते आहे, पुन्हा लिहिणार नाही.

शाळा सुरू झाल्या आहेत. प्रतिक्षाचं नाव पटावरून कमी करतील. भाकरी मला थापता येत नाही, हे तुला माहीत आहे आणि त्याचाच तू फायदा घेते आहेस.

द्वारका

*

बारामती
१४ जुलै १९९६

मनिषास,

पोस्टकार्ड मिळालं. पाकीट आणायला काय झालं होतं? पोस्टमन सोनबाने फाटकातूनच सांगितलं, "बाई, वाचलं न्हाय बरं का म्या." आणि लगेच, "पर अंड्याचं काय झालं वो?"

आठ ओळींत तू 'अंडं' हा शब्द तीनदा लिहिला आहेस. 'बाई' असं संबोधन लिहिलं आहेस, आजवर मला आई म्हणायचीस. असो. तुझं म्हणणं मला कळलं. रविवार पुन्हा पहिल्यापासून धरले आहेत, अकरावा एक सप्टेंबरला येतो, तोवर काही बोलायचं नाही. आणि दुसरं, तुझ्याच शब्दांत, 'अंड्यासाठी गेले नाही, ह्यांनी मला खोटी म्हटलं म्हणून गेले.'

एक सप्टेंबर! सात आठवडे! तुला कल्पना आहे का?

इथला दिवस सांगते. पाचला नळ. आबांचा चहा, तोही बिनसाखरेचा आणि तरी दोनदा. पावणेसातला नागेशचा डबा, कारण सातला त्याची मोटारसायकल एमआयडीसीच्या रस्त्याला लागली पाहिजे, तिकडे दुधाची पावडर वाट बघत असते. आठच्या आत आबांचा नाश्ता, नाहीतर मधुमेहाच्या गोळीने त्यांना घाम फुटतो. दहाला भाकरी. माझ्या भाकरीचा नकाशा होतो. आबा ती हातात धरून उजेडात बघतात आणि म्हणतात, "ह्यो कंचा जिल्हा म्हनायचा?" पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, नकाशे त्यांना कळतात. तीनला चहा, संध्याकाळी पुन्हा भाकरी. मधल्या वेळात धुणं, निवडण-टिपण, आणि "अगं ए, माझा चष्मा कुठं हाय?"

इंदापूरला हे सगळं सारजावन्संनी सांभाळलं. तुझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण, नवऱ्याने टाकलेली, बत्तीस वर्षं आमच्या चुलीपुढे बसली, आता वरकुट्याला असते. मी शाळेतून आले की ताट वाढलेलं असे. इथे आल्यावर ते ताट तू वाढायचीस. मला वाटायचं ताटं अशीच असतात, वाढलेली.

आता एक गोष्ट सांगते, ती मी घरात अजून कोणाला सांगितलेली नाही. इंदापूरला मुलींचं एक वसतिगृह निघतं आहे. त्यांनी मला रेक्टर म्हणून बोलावलं आहे. स्वतंत्र खोली, खिडकीबाहेर लिंबाचं झाड, चाळीस मुली, संध्याकाळी इंग्रजीचा तास. पंधरा सप्टेंबरला रुजू व्हायचं. मला ते हवं आहे. आयुष्यात इतकं काही हवं झालेलं मला आठवत नाही. पण या ओट्यापाशी कोणीतरी बाई उभी असल्याशिवाय मला इथून हलता येत नाही. तू आलीस तर मी सुटते. इतकं साधं आहे.

तेव्हा तुझं ते अंडं सोडून दे.

द्वारका

*

बारामती
४ ऑगस्ट १९९६

मनिषास,

प्रतिक्षाला ताप आल्याचं रंगूबाईंच्या भाच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. रक्त तपासून घेतलंस का? डोळ्यांत पिवळेपणा आहे का? लघवीचा रंग बघ. हवा बदलली की मुलांना ताप येतो, सगळीकडे साथ आहे. त्याचा आणि नवसाचा काही संबंध नाही, हे मी तुला शिकलेली बाई म्हणून सांगते. पण उलट टपाली कळव. पोस्टकार्डावर कळवलंस तरी चालेल.

इकडे नागेशने एक नवीनच काढलं आहे. आठ सप्टेंबरला, रविवारी, तुझ्या वडिलांकडे बैठक ठरली हे तुला ठाऊक असेलच. त्यांनीच, रामहरीतात्यांनी, निरोप धाडला होता, मुलगी खोटी ठरली तर मी स्वतः आणून सोडतो, आणि खरी ठरली तर नागेशरावांनी चारचौघांत बोलावं. त्यावर नागेश जेवताना मला म्हणाला, "आई, तू साचा घेऊन चल. सगळ्यांसमोर बिनअंड्याची वॉफलं करून दाखव. ती म्हणते ना, अंड्याशिवाय तशी होत नाहीत? होतात हे बघितलं की विषय संपला."

आबा म्हणाले, "झकास! आन त्या रामहरीला बी खायला घाल दोन."

मी म्हटलं, तिथे दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या चुलीवर कसं जमेल. नागेश म्हणाला, आपला शेगडीचा सिलिंडर जीपमधून नेऊ. या मुलाने शाळेत असताना एका गोष्टीचा इतका सांगोपांग विचार केला असता तर इंजिनिअर झाला असता.

म्हणून सराव करते आहे. पहिल्या रविवारी ताक आणि सोडा घालून केलं. साचा उघडला तर अर्धं वरच्या पाटीला, अर्धं खालच्या. दुसऱ्या वेळी रवा घातला, ते विटेसारखं झालं. तिसऱ्या वेळी केळं कुस्करून घातलं, ते जाळीत असं जाऊन बसलं की मी दुपारभर उलथन्याच्या टोकाने एकेक घर खरवडत होते. आज रात्रभर आंबवलेलं पीठ ओतलं. धूर निघाला. रंगूबाई कुंपणावर आल्या.

आबा पानावर बसून वाट बघत होते. म्हणाले, "त्या दिशी कसं टपाटपा सुटत हुतं!"

मी म्हटलं, तेव्हा गॅसची आच चांगली होती.

"आच तीच हाय की."

मग म्हटलं, दूध पातळ येतं हल्ली. नागेश दुधाच्या कारखान्यात आहे, हे बोलून गेल्यावर आठवलं. मी पोहे टाकले.

सिस्टर बेनेडिक्टा एका वेळी आठ अंडी घ्यायच्या, पांढरं वेगळं फेसायच्या. ते मी तुला सहज म्हणून लिहिते आहे. त्यांची गोष्ट वेगळी होती.

तापाचं कळव.

द्वारका

*

बारामती
२६ ऑगस्ट १९९६

मनिषा,

ताप उतरला हे कळलं. बरं झालं. तापाच्या त्या तीन दिवसांत इकडे काय झालं ते मी लिहीत नाही.

सारजावन्सं आल्या आहेत. नागेश परवा वरकुट्याला जाऊन त्यांना घेऊन आला, कारण मी अंघोळीच्या दगडावर घसरले आणि पाय मुरगळला. काळजीचं काही नाही. पण आता माझी हद्द म्हणजे ओटा, मोरी आणि कॉट. फाटकापर्यंतही जाववत नाही. सोनबा पत्र खिडकीतून देतो.

वन्संनी आल्या आल्या पदर खोचला आणि पहिली भाकरी टाकली. ती तव्यावर फुगली तेव्हा आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सत्तर दिवसांच्या भाकऱ्यांचा त्या क्षणी निकाल लागला.

काल रविवारी मी लंगडत साच्यापाशी उभी राहिले. वन्सं खाली जमिनीवर बसून बघत होत्या. त्या घरात एकट्याच अशा आहेत की ज्यांना मी कधी काही शिकवू शकले नाही. पुरुष दोघे बाहेर होते. वॉफल पुन्हा फाटलं. वन्सं म्हणाल्या,

"मास्तरीण, ह्ये चौकटीचं धिरडं त्या दिशी कसं सुटलं ग?"

मी जाळी खरवडू लागले.

"धिरडं साच्याला धरतंय, कारन पिठात वढ न्हाय. वढ कशानं येती? बेसनानं येती, न्हाय तर अंड्यानं. त्या दिशी बेसन घातलंवतंस?"

"नाही."

"मग?"

मी गॅस बारीक केला, मोठा केला. वन्सं उठल्या नाहीत की आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "राहू दे. मला नगं सांगू. म्या अडानी बाई, मला कोन इचारतंय बैठकीत." मग उठल्या, डब्यांची झाकणं उघडून वास घेत घेत बेसन काढलं, तांदळाची पिठी काढली, पीठ सैल केलं, साचा रिकामाच तापवला, तेलाचा बोळा जाळीच्या प्रत्येक घरातून फिरवला, पुन्हा तापवला, पुन्हा तेल लावलं. मग पीठ ओतलं. दांडे मिटले. आतून चर्र आवाज आला. दोन्ही बाजू झाल्यावर उघडला तर वॉफल अख्खं, पिवळंधमक, आपण होऊन ताटात पडलं.

मनिषा, ते अगदी त्या दिवशीसारखं दिसत होतं. कोणालाही फरक कळला नसता.

वन्संनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हं. सुटलं बग. आता जा सुप्याला, आन सुनंला खोटी पाड."

एवढं बोलून त्या अंगणात लसूण सोलायला गेल्या. नागेश आला, त्याने चार खाल्ली, आबांनी सहा. नागेश हसला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "आई, जिंकलो आपण."

साचा एक, वॉफल एका वेळी एकच. दहावं उतरलं तेव्हा पीठ संपलं. भांड्याच्या कडा निपटून शेवटचं एक वेडंवाकडं झालं, ते मी ओट्याशी उभ्याउभ्याच खाल्लं. पाय ठणकत होता. बसायला काही नव्हतं. तिथे स्टूल ठेवायची कोणाला गरजच वाटली नसावी. मी तर निवृत्तीपर्यंत या घरात फक्त रविवारी येणारी आणि टेबलाशी बसणारी होते.

तू त्या दिवशी शेवटचं खाल्लंस तेही असंच वाकडं होतं. ते माझ्या लक्षात आहे, कारण मी तुझ्याकडे बघत असताना तू ते खाल्लंस.

वसतिगृहातून दुसरं पत्र आलं आहे. दहा तारखेच्या आत होकार कळवा म्हणतात.

द्वारका

*

बारामती
५ सप्टेंबर १९९६

चि. सौ. मनिषा,

हे पत्र तुझ्या वडिलांच्या हातात दे आणि रविवारी बैठकीत मोठ्याने वाचायला सांग. वाचणाऱ्याने मधेच थांबू नये. नागेशला आणि आबांना मी काहीही सांगितलेलं नाही. पाय दुखतो या सबबीवर मी येत नाही. पाय खरंच दुखतो, पण मी त्यामुळे येत नाही असं नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यापुढे उभं राहून हे तोंडाने बोलण्याची हिंमत माझ्यात नाही. लिहिण्याची आहे.

सोळा जूनच्या रविवारी वॉफलच्या पिठात मी तीन अंडी घातली होती. पहाटे सगळे उठायच्या आत फेसली. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून रंगूबाईंच्या उकिरड्यावर टाकली. मनिषाने मला विचारलं, अंडं नाही ना. मी तिच्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं. तिचा नववा रविवार आहे हे मला माहीत होतं. माझ्या नवऱ्याचा रविवार आहे हेही माहीत होतं. त्यांनी सात खाल्ली. मी त्यांना वाढत राहिले, आणि ते "आज काय कुरकुरीत झालंय" म्हणाले तेव्हा मला आनंद झाला.

सगळ्यांचं खाऊन झाल्यावर मनिषाने शेवटचं खाल्लं. मग स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना मी हसून तिला म्हटलं, "झालं? तीन अंडी होती त्यात. खंडोबा आला का काठी घेऊन?"

ती मोरीत जाऊन ओकली. मग तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने मला विचारलं तेव्हा हे तिथेच, दारात, अंगाला भंडारा लावून उभे होते. त्यांच्याकडे बघून मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं. माझी सून खोटी बोललेली नाही. एक शब्दही नाही. खोटी मी बोलले, आणि त्यानंतर अडीच महिने पत्रांतूनही बोलत राहिले.

बिनअंड्याचं वॉफल होतं. सारजावन्संनी करून दाखवलं. बेसनाने होतं. मी ते रविवारी तुमच्यापुढे करून दाखवू शकले असते आणि सगळ्यांनी मान डोलावली असती. म्हणूनच हे लिहिते आहे. जोवर करता येत नव्हतं तोवर मला लपणं सोपं जात होतं.

का घातली, असं कोणीतरी विचारील. वॉफल अंड्याशिवाय होत नाही असं मला शिकवलं होतं, हे एक. दुसरं म्हणजे त्या घरात मी नवी होते आणि मनिषा जुनी. कुठला डबा कुठे आहे हे मला तिला विचारावं लागत होतं. बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई चमचा कुठे आहे ते विचारत होती, आणि ती न चिडता सांगत होती. मला तिची जिरवायची होती. खंडोबाशी माझं काही भांडण नव्हतं.

मी खंडोबाला भीत नाही. अजूनही मला वाटत नाही की एका अंड्याने मुलीला ताप येतो. पण माझ्या 'नाही' या एका शब्दावर विश्वास ठेवून तिने तोंडात घास घातला, आणि मी तो तिला जाणूनबुजून घातला.

वाचून दाखवायचं इथपर्यंत. पुढचं फक्त तुला.

इंदापूरला मी आज नकार कळवला. पत्र वाचल्यावर तू इकडे यायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासाठी येऊ नकोस. मागच्या एका पत्रात लिहिलं होतं, तू आलीस तर मी सुटते. ते वाक्य खोडता येत नाही, पोस्टात पडलं आहे. वाचलं नाहीस असं समज.

द्वारका रावजी
निवृत्त शिक्षिका

*

बारामती
२२ सप्टेंबर १९९६

चि. सौ. मनिषा हिला आशीर्वाद. उरले होते, म्हणून आधीच लिहिले.

बैठकीत काय झालं ते तुला सांगायला नको, तू तिथेच होतीस. मला मात्र बरोबर गेलेल्या सारजावन्संकडूनच कळलं, कारण बाकीचे दोघे काही बोलत नाहीत. वन्सं म्हणाल्या, "वाचनारा मास्तर तिसऱ्या वळीला आडाकला, पर रामहरीतात्या म्हनलं, वाच, बाईनं लिवलंय न्हवं, थांबू नगं." पुढे म्हणाल्या, "नाग्या उठला. मग पोरीला म्हनला, म्या तुला खोटी म्हनलो, चुकलो. समद्यांम्होरं म्हनला." हे खरं का? आणि तू म्हणालीस म्हणे, येते, पण त्या घरात नाही.

बरोबर केलंस. पत्र लिहिताना मला हे सुचलं नव्हतं. मला वाटत होतं एक तर तू ओट्यापाशी, नाहीतर मी.

नागेशने एमआयडीसीजवळ दोन खोल्या घेतल्या हे त्याचं सामान गेलं तेव्हा कळलं. गणपतीच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. तो माझ्याशी बोलला नाही, पण जाताना पंपाचा स्टोव्ह नेऊ का असं दारातून विचारलं. मी ने म्हटलं. प्रतिक्षाचं नाव तिकडच्या शाळेत घालताना जन्मतारखेचा दाखला लागेल, तो कपाटात निळ्या फायलीत आहे, सोनबाबरोबर पाठवते.

वन्सं वरकुट्याला परत गेल्या. मी म्हटलं, राहा. त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्सं राह्यले की ग." रागाने नाही म्हणाल्या. पिशवी उचलली आणि गेल्या.

आता इथे आम्ही दोघे. सुप्याहून हे परतले. तिसऱ्या दिवशी एकटेच जेजुरीला जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "रविवारी तुज्या हातचं न्हाय." बस, एवढंच. रविवारी नाही. सोमवार ते शनिवार चालतं. पाचचा चहा, आठचा नाश्ता, भाकरी, चष्मा. सहा दिवस मी शुद्ध, सातव्या दिवशी बाटलेली. मला वाटलं होतं ते ओरडतील, घराबाहेर काढतील. काढलं असतं तर मी इंदापूरला गेले असते. त्या खोलीत आता माळशिरसची कोणी बाई आली आहे, रंगूबाईंनी ताबडतोब सांगितलं.

मी एकदा विचारलं, मी गेले तर? म्हणाले, "मग गोळी कोन दील?" त्यात रागही नव्हता. गोळ्या तीन रंगांच्या आहेत आणि त्यांना आता रंग नीट दिसत नाहीत. इतकं साधं आहे.

आज रविवार. पहिलाच असा, गेल्या रविवारी वन्सं होत्या. मी ओट्याकडे गेले नाही. कॉटवर बसून हे लिहिते आहे. चौकातल्या गणपतीचा कर्णा सुरू झाला आहे, त्यातूनही स्वयंपाकघरातला प्रत्येक आवाज ऐकू येतो. त्यांनी पातेलं काढलं. पाणी घेतलं. चहाची पावडर ज्या डब्यात आहे तो सोडून बाकी सगळे डबे उघडले. साखरेच्या डब्याशी बराच वेळ थांबले, मग झाकण लागलं. एक कप फुटला.

आता आवाज आला, "अगं, काडेपेटी कुठं हाय?"

मला माहीत आहे कुठे आहे. तू ती खिडकीच्या कोनाड्यात, मिठाच्या बरणीमागे ठेवायचीस, ओल लागू नये म्हणून. मला ती सापडायला आठ दिवस लागले होते, आणि ते आठ दिवस मी रंगूबाईंकडून काडी मागून आणत होते. तुला विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्यांदा विचारलं. रविवारी माझ्या हातचं चालत नाही म्हणाले होते. तोंडचं चालतं की नाही, ते बोलले नव्हते. मी पत्र पुरं करते आहे.

द्वारका